सिक्वेन्स फिरतो, पण पुढे सरकत नाही: टँजरिन ड्रीमच्या 'फीड्रा'सारखा आवाज घरी घडवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा १९७४चा 'फीड्रा' हा अल्बम ऐकून तुम्ही लॅपटॉपवर आठ स्वरांचा सिक्वेन्स (पुन्हा पुन्हा फिरणारी स्वरमालिका) लावला. आवाजाचा पोत बऱ्यापैकी जमला, पण दोन मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून आता खरा ॲनालॉग सिंथ (विजेच्या सर्किटमधून आवाज घडवणारं वाद्य) घ्यावा का, घेतला तर कोणता, आणि दुसऱ्या रचनेत ऐकू येणारे ते धूसर, व्हायोलिनच्या ताफ्यासारखे आवाज कशाचे आहेत?

खरेदीचं शेवटी बघू, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून गोम वेळेच्या हिशोबात दिसते. १२०चा टेम्पो (मिनिटाला १२० ठोके) आणि एका ठोक्यात चार स्वर धरले, तर एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा होतो आणि आठ स्वरांचं आवर्तन एका सेकंदात संपतं. 'फीड्रा'ची शीर्षक-रचना साडेसतरा मिनिटांच्या घरात जाते, एलपीची अख्खी पहिली बाजू तिनेच व्यापली आहे. तुमच्या वेगाने तेवढ्या वेळात हजाराच्या वर आवर्तनं होतील. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर लेहरा चालू असतो, त्याच्याशी हे ताडून पाहा. लेहरा तोच राहतो म्हणून तर तबल्यात काय घडतंय ते कळतं. तुमच्याकडे लेहरा आहे, तबला नाही. या संगीतात तबल्याचं काम फिल्टर (आवाजाचे वरचे पदर कापणारा भाग), स्वराची लांबी, एको आणि षड्जाची जागा मिळून करतात.

त्या काळची यंत्रं पाहिली की हे लगेच ध्यानात येतं. हा अल्बम नोव्हेंबर १९७३मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या 'द मॅनर' स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि फेब्रुवारी १९७४मध्ये व्हर्जिनने काढला. वादक तिघे: एडगर फ्रोझे, क्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान. फ्रांके यांच्याकडे मूग कंपनीचा मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडायचा, सिंथ होता. मूगच्या त्या पिढीचा सिक्वेन्सर (सिक्वेन्स फिरवणारं यंत्र) म्हणजे ९६०. त्यावर तीन ओळी, आठ स्तंभ, एकूण २४ नॉब. प्रत्येक नॉब एक व्होल्टेज देतो, बाकी काही नाही. त्यात साठवणूक नाही, सुरांच्या खाचा नाहीत. प्रत्येक स्तंभ म्हणजे सिक्वेन्सची एक पायरी, आणि प्रत्येक पायरीला तीन स्थितींचा स्विच असतो: वाजव, वगळ, थांब. तिसऱ्या ओळीने हवं तर प्रत्येक पायरीची लांबीही बदलता येते. असं यंत्र चालू केलं की वादकाचा हात त्यावरून निघूच शकत नाही. स्वर जुळवणं आणि वाजवणं हे एकच काम होऊन बसतं. सॉफ्टवेअरच्या पियानो-रोलवर (स्वर चौकोनांनी मांडायच्या जाळीवर) माउसने आठ चौकोन काढून प्ले दाबलं की हात मोकळे होतात, आणि तिथेच संगीत थांबतं.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. मी व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथचं सॉफ्टवेअर धरून सांगतो, कारण तो मोफत आहे आणि त्यातला 'सेक ३' हा मॉड्यूल तीन ओळी आणि आठ पायऱ्यांचाच आहे. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, हिशोब तोच राहील.

'सेक ३'ची पहिली ओळ क्वांटायझरमध्ये (व्होल्टेज जवळच्या सुरावर बसवणाऱ्या मॉड्यूलमध्ये) न्या. नॉबचा पल्ला अनेक सप्तकांचा असल्याने क्वांटायझरशिवाय नेमका सूर लागणं कठीण. तिथून ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा), मग फिल्टर, मग व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा). ट्रिगरची (स्वर सुरू करणाऱ्या खुणेची) तार एडीएसआरला, म्हणजे स्वराचा चढ-उतार ठरवणाऱ्या एन्व्हलपला, आणि त्या एडीएसआरचा आउटपुट फिल्टरच्या कटऑफला (जिथून वरचा आवाज कापला जातो ती मर्यादा) आणि व्हीसीएला, दोन्हींना. षड्ज पांढरी एक, मंद्र सप्तकात, म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ. सुरुवातीला ही आठ पावलं ठेवा: सा, सा, वरचा सा, सा, कोमल ग, सा, प, कोमल नि. खालचा सा चार वेळा आला आहे, तो मुद्दाम. निम्म्या पायऱ्या एकाच स्वरावर असल्या की कानाला जमीन मिळते. आठही स्वर वेगळे ठेवले की त्यांची चाल होते, आणि चाल फार लवकर पाठ होऊन जाते. तुमच्या सिक्वेन्समध्ये आठांपैकी सात स्वर वेगळे आहेत असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते पहिली दुरुस्ती तिथेच करा.

एन्व्हलपचे आकडे: ॲटॅक (चढ) २ ते ५ मिलिसेकंद, डिके (उतार) १५०, सस्टेन (टिकाव) शून्य, रिलीज (स्वर सोडल्यावरचा उतार) १५०. ॲटॅक अगदी शून्यावर नेला तर प्रत्येक स्वराला टिचकी ऐकू येते. सस्टेन शून्य असला तरी रिलीज डिकेइतकाच ठेवायचा, कारण गेट (स्वर चालू असल्याची खूण) डिकेच्या आधी संपलं तर पुढचा उतार रिलीजच्या वेगाने होतो आणि डिकेचा नॉब फिरवूनही फरक ऐकू येत नाही. 'नॉब चालत नाही' ही तक्रार बहुतेकदा इथूनच निघते.

पायरी १२५ मिलिसेकंदांची, डिके १५०चा. म्हणजे एन्व्हलप पुरता खाली येण्याआधीच पुढचा स्वर सुरू होतो आणि दोन स्वर एकमेकांना किंचित चिकटतात. डिके ८०वर आणा, स्वर सुटे आणि कोरडे होतात. ४००वर न्या, फिल्टर मिटेनासाच होतो आणि आठ स्वर मिळून एक गुणगुणता पट्टा बनतो. या एका नॉबने लय बदलल्याचा भास होतो, एकही स्वर न हलवता. या शैलीत डिकेला कटऑफइतकाच मान द्यायला हवा, पण नवशिके त्याला हात लावत नाहीत.

कटऑफ मात्र सगळेच फिरवतात, फार घाईने. पहिल्या चार मिनिटांत तो १५० हर्ट्झवरून १,५०० हर्ट्झवर नेऊन पाहा. हे अंतर साधारण सव्वातीन सप्तकांचं, म्हणजे एका सप्तकाला सुमारे ७२ सेकंद. इथे ऑटोमेशनमधली (सॉफ्टवेअरकडून नॉब आपोआप फिरवून घेण्यातली) एक चूक सर्रास होते: हर्ट्झच्या आकड्यांवर सरळ रेषा ओढली जाते. कान सप्तकांत ऐकतो. सरळ रेषेत १५० ते ३०० हे पहिलं सप्तक २७ सेकंदांत उरकतं आणि ७५० ते १,५०० या शेवटच्या सप्तकाला सव्वादोन मिनिटं लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज एकदम उघडला आणि मग नुसताच रेंगाळला. काही सिंथ हा हिशोब आतल्या आत बरोबर करतात, काही करत नाहीत. ओळखायचं सोपं आहे: बरोबर दोन मिनिटांवर आकडा ४७५ हर्ट्झच्या आसपास दिसला पाहिजे. ८२५ दिसला, तर रेषेला बाक द्या. त्याहून चांगलं म्हणजे ऑटोमेशन न काढता मिडी कंट्रोलरच्या (संगणकाला जोडलेल्या नॉबांच्या पेटीच्या) नॉबवर हाताने फिरवा आणि तेच मुद्रित करा. हात मधेच थबकतो, थोडा मागे येतो, त्याने आवाजात जीव येतो.

रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारा नॉब) ३० ते ४० टक्क्यांवर ठेवा. मूगच्या पद्धतीच्या, एका सप्तकाला २४ डीबी कापणाऱ्या लॅडर फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवला की खर्ज पातळ होतो. सर्किटचाच तो गुण आहे, तुमच्या स्पीकरचा दोष नव्हे. उपाय म्हणून एक साधी साइन लहर घ्या, तिला तोच सिक्वेन्स द्या आणि ती फिल्टरच्या बाहेरून व्हीसीएच्या मार्गे मिक्सरमध्ये आणा, मुख्य आवाजापेक्षा ८ ते १० डीबी खाली.

एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कटऑफ सरकत असेल तेव्हा डिके तिथेच राहू द्या. दोन्ही एकदम हलवले की ऐकणाऱ्याला कशाचा माग ठेवावा ते समजत नाही.

आता पायऱ्या वगळणं. आठवी पायरी काढली की आवर्तन सातांचं होतं आणि समेची जागा सरकते. ऐकणाऱ्याला कारण सापडत नाही, पण तो सावध होतो. सात ठेवून दहा-बारा आवर्तनं जाऊ द्या, मग आठवी परत आणा. याचीच पुढची पायरी म्हणजे दोन ओळी वेगवेगळ्या लांबीच्या ठेवणं. स्वर आठ पायऱ्यांचे आणि फिल्टरला जाणारी ओळ सातांची असेल, तर दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ५६ पायऱ्या लागतात, तुमच्या टेम्पोला सात सेकंद. त्यात तीन पायऱ्यांची तिसरी ओळ व्हीसीएला जोडली तर १६८ पायऱ्या, म्हणजे २१ सेकंद. एकाच 'सेक ३'मध्ये सगळ्या ओळी एकाच लांबीच्या चालतात, म्हणून यासाठी दुसरा आणि तिसरा 'सेक ३' घ्या आणि सगळ्यांना एकच क्लॉक द्या.

षड्ज हलवणं हे सगळ्यात प्रभावी साधन, म्हणून सगळ्यात कमी वापरा. सिक्वेन्सरच्या व्होल्टेजमध्ये कीबोर्डचं व्होल्टेज मिळवलं की अख्खा सिक्वेन्स उचलला जातो. एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणून मध्यमावर जायला ५/१२, म्हणजे ०.४१७ व्होल्ट. ही बेरीज क्वांटायझरच्या नंतर, ऑसिलेटरच्या आधी करा. क्वांटायझरच्या आधी केली तर तो ते स्वर मूळ थाटात ओढतो आणि सिक्वेन्सचा आकार बिघडतो. कधी कधी तो बिघाड छान लागतो, पण तो ठरवून झालेला असावा. पहिल्यांदा षड्ज हलवायला किमान दोन मिनिटं थांबा.

एकोचा हिशोब टेम्पोवर. १२०ला ३७५ मिलिसेकंद म्हणजे बरोबर तीन पायऱ्या. आठ आणि तीन यांना समान भाजक नसल्याने प्रत्येक स्वराची सावली वेगळ्याच स्वरावर पडते, आणि आठ स्वरांतून गुंतलेली दुसरी वीण तयार होते. ५०० मिलिसेकंदांना सावली नेमकी चार पायऱ्यांवर येते, अर्ध्या आवर्तनावर, आणि सगळं सपाट वाटतं. फीडबॅक (एको पुन्हा एकोत जाण्याचं प्रमाण) ३५ ते ४० टक्के. एकोच्या आवाजातून २०० हर्ट्झखालचं आणि ३ किलोहर्ट्झवरचं काढून टाका, नाहीतर खर्जाचा चिखल होतो. कोरडा आवाज थोडा डावीकडे, एको थोडा उजवीकडे.

आता ॲनालॉगचा प्रश्न. 'फीड्रा'च्या शीर्षक-रचनेत शेवटाकडे सूर हलतात, ते ठरवून केलेलं नव्हतं. यंत्रं तापत गेली तसे ऑसिलेटर सरकले आणि ते तसंच ठेवलं गेलं. कारण ट्रान्झिस्टरमध्ये आहे. व्होल्टेजचं कंपनसंख्येत रूपांतर करणारा भाग ट्रान्झिस्टरच्या घातांकी वर्तनावर चालतो, आणि ते वर्तन निरपेक्ष तापमानाशी बांधलेलं असतं. खोलीच्या तापमानाला एका अंशामागे साधारण १/३००, म्हणजे ०.३३ टक्के फरक पडतो. भरपाई नसलेला ऑसिलेटर त्याच्या आधार-स्वरापासून तीन सप्तकं वर वाजत असेल, तर एका अंशाने तो सुमारे १२ सेंट घसरतो, अर्ध्या स्वराचा आठवा भाग. आधार-स्वराजवळ मात्र फारसा हलत नाही. म्हणून तापलेल्या सिंथवर नुसता ट्यूनिंगचा नॉब फिरवून भागत नाही: खालचा सा लागला की वरचा सुटतो. नव्या सिंथमध्ये याची भरपाई करणारे रोधक किंवा आपोआप सूर लावणारी सोय असते.

तुम्ही जुन्या पद्धतीचा सिंथ घेतलात तर वाजवण्याआधी अर्धा तास चालू ठेवा आणि मगच सूर लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू होत असतो. सिंथ त्याच्या झोताच्या वाटेत नको.

सॉफ्टवेअरमध्ये हे सरकणं मुद्दाम आणावं लागतं, पण अत्यंत कमी प्रमाणात. दोन ऑसिलेटर घ्या, प्रत्येकाला स्वतंत्र एलएफओ (अतिसंथ लहर देणारा ऑसिलेटर), एक ०.०५ हर्ट्झचा, दुसरा ०.०३७चा, म्हणजे त्यांची गाठ सहसा पडत नाही. एक सेंट म्हणजे व्होल्टचा १,२००वा भाग. एलएफओ पाच व्होल्ट वर-खाली जातो, म्हणून ऑसिलेटरच्या एफएम नॉबवर उजवी क्लिक करून ०.०५ ते ०.१ टक्का एवढाच आकडा टाइप करा. त्याने ३ ते ६ सेंट मिळतात. बोटाने फिरवलात तर हमखास जास्त होतो आणि बेसूर वाटतं.

दोन ऑसिलेटरमधल्या अंतराने जी डोल तयार होते, तिचा वेग स्वराच्या उंचीवर ठरतो. ५ सेंटचं अंतर ११० हर्ट्झला साधारण तीन सेकंदांत एक डोल देतं, ४४०ला सेकंदाला सव्वा. खर्जात रुबाबदार वाटणारं अंतर वर गेल्यावर थरथरतं. म्हणून सिक्वेन्स दोन सप्तकं वर नेलात तर अंतर निम्मं करा. खालच्या साइन लहरीला मात्र हे अजिबात लावू नका, ती स्थिरच हवी.

दुसऱ्या रचनेतले ते धूसर आवाज मेलोट्रॉनचे, फेझरमधून (आवाजाचा पोत संथपणे हलवणाऱ्या इफेक्टमधून) काढलेले. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची एक स्वतंत्र फीत असते आणि तिच्यावर खऱ्या वाद्याचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत धावते, साधारण आठ सेकंदांत संपते आणि सोडल्यावर स्प्रिंगने मागे जाते. सॉफ्टवेअरमधले बरेच नमुने लूप केलेले असल्याने स्वर अनंत टिकतो, आणि तिथेच ऑर्गनचा वास येऊ लागतो. सेटिंगमध्ये लूप बंद करा. मग आपोआप सहा-सात सेकंदांत बोटं बदलावी लागतील: आधी खालचा स्वर सोडून पुन्हा दाबायचा, मग मधला, मग वरचा. तिन्ही एकदम उचलू नका. या अदलाबदलीमुळेच त्या आवाजाला श्वास येतो. फेझर अगदी संथ, १० ते १५ सेकंदांत एक फेरा, आणि त्याच्या पुढे ३ ते ४ सेकंदांचा रिव्हर्ब (मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा). हा रिव्हर्ब सिक्वेन्सला जवळजवळ देऊच नका. वाऱ्यासारखे सूं-सूं आवाज हवे असतील तर नॉइज घ्या आणि रेझोनन्स वाढवलेल्या फिल्टरमधून हाताने फिरवा. इंग्लंडच्या ईएमएस कंपनीचा व्हीसीएस ३ त्या काळी असल्या कामाला फार सोयीचा होता.

मुद्रण करताना वीस मिनिटं सलग वाजवा आणि नंतर आठ ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओला हे साडेतीनशे एमबीच्या आतच बसतं, म्हणून जागेची कंजुषी नको. बाहेरचा हार्डवेअर सिक्वेन्सर असेल तर घड्याळ त्याचंच ठेवा आणि संगणकाला फक्त रेकॉर्डर समजा. उलट केलं तर यूएसबीतून जाणारं मिडी क्लॉक कधी किंचित आधी, कधी नंतर पोचतं, आणि चौगुणीच्या लयीत ते लगेच कानाला खटकतं.

खरेदी कोणती, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: मंचावर वाजवायचं आहे का, संगणक आधीच चांगला आहे का, आणि नॉबांसाठी पैसे मोजायची तयारी आहे का. फक्त घरी मुद्रण करायचं असेल तर सिंथ आत्ता घेऊच नका. सोळा नॉबांचा साधा मिडी कंट्रोलर घ्या आणि कटऑफ, डिके, रेझोनन्स, एकोचा फीडबॅक हे चार नॉब कायमचे ठरवून टाका, हात न बघता तिथे गेला पाहिजे. हार्डवेअरच हवं असेल तर आधी सिक्वेन्सर, मग सिंथ. कॉर्गचा एसक्यू-१ छोटा आहे, आठ-आठ नॉबांच्या दोन ओळी, आणि पायऱ्या वगळता येतात. आर्टुरियाचा बीटस्टेप प्रो घेतलात तर दोन स्वतंत्र सिक्वेन्स वेगवेगळ्या लांबीचे ठेवता येतात, म्हणून तुमच्या कामाला मी तोच सुचवीन. त्याच्या पुढे लॅडर फिल्टर आणि किमान दोन ऑसिलेटर असलेला कोणताही एकस्वरी सिंथ चालेल. बेहरिंगरचा मॉडेल डी या वर्णनात बसतो, त्यात तीन ऑसिलेटर आहेत.

एक अडचण आधीच सांगतो, कारण हार्डवेअर आणल्यावर ती बहुधा येईलच. लॅपटॉपचा चार्जर, इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) आणि सिंथ वेगवेगळ्या भिंतीतल्या प्लगांवर लावले की ५० हर्ट्झची घरघर येते, आणि सिक्वेन्सरपासून सिंथकडे जाणाऱ्या सीव्हीच्या (स्वर ठरवणाऱ्या व्होल्टेजच्या) तारेत काही मिलिव्होल्टचा फरक शिरतो. एक मिलिव्होल्ट म्हणजे १.२ सेंट, त्यामुळे दहा मिलिव्होल्टांत सूर कानाला कळण्याइतका ढळतो. सगळं एकाच तीन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तरीही घरघर राहिली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. तेवढ्याने थांबली, तर इंटरफेसकडे जाणाऱ्या ऑडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. सीव्हीच्या तारेत तो चालत नाही, कारण स्थिर व्होल्टेज त्यातून पलीकडे जातच नाही.